‘फाइल वापरात आहे’ हा नकार मोडू नका

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी हिंजवडीतल्या एका कंपनीत मेनफ्रेम सपोर्टला आहे. क्लायंट युरोपातला, विमा क्षेत्रातला. पॉलिसीधारकांची माहिती एका व्हीसॅम केएसडीएस फाइलमध्ये आहे, म्हणजे मेनफ्रेमवरच्या अशा फाइलमध्ये जिच्यात प्रत्येक रेकॉर्ड त्याच्या की वरून शोधता येतो. दिवसा सीआयसीएसच्या (ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या प्रणालीच्या) स्क्रीनवरून तिच्यात बदल होतात आणि रात्री एक बॅच जॉब, म्हणजे स्क्रीनशिवाय आपोआप चालणारं काम, पत्ते नि हप्त्यांच्या तारखा अपडेट करतो. पूर्वी रात्री काही तास ऑनलाइन बंद असायचं. क्लायंटचं मोबाइल ॲप आलं, ऑनलाइन चोवीस तास झालं आणि आमचा जॉब फाइल स्टेटस 93 (‘फाइल वापरात आहे’) देऊन पडायला लागला. तेव्हा आमच्या सरांनी फाइलचे शेअरऑप्शन्स (एकाच वेळी फाइल कुणी-कुणी वापरायची याचे नियम) 2 3 होते ते 3 3 करून टाकले. त्यानंतर जॉब एकदाही पडला नाही आणि सगळे खूश होते.

आता तक्रारी येतायत. रात्रीच्या रिपोर्टमध्ये नवा पत्ता असतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जुना पत्ता परत आलेला असतो. गेल्या आठवड्यात तर एक वाचणारा जॉब की सिक्वेन्सच्या एररने, म्हणजे की चा क्रम चुकल्याने, पडला. सर म्हणतात, ‘ऑनलाइनवाले आणि बॅच एकाच वेळी एकाच रेकॉर्डला हात लावत नाहीत, त्यामुळे शेअरिंगचा प्रश्नच येत नाही.’ मलाही तसंच वाटतं, पण मग हे होतंय कशामुळे? आणि सरांचीच चूक असेल तर ते त्यांना सांगायचं कसं? ते माझ्यापेक्षा खूप सीनियर आहेत.

ता. क. आमच्या टीममध्ये कॉपीबुकचे (अनेक प्रोग्रॅम वापरतात त्या सामायिक कोडचे) मेंबरही, म्हणजे लायब्ररीतले एकेक तुकडे, एकमेकांच्या हातून ओव्हरराइट होतात. काही जण आयएसपीएफमध्ये (मेनफ्रेमवरच्याच एडिटरमध्ये) एडिट करतात, नवीन मुलं व्हीएस कोडमध्ये. त्याचंही सांगाल का?

— एक वाचक, वाकड

उत्तर

आधी एक विनंती. हे वाचून होईपर्यंतही थांबू नका. त्या फाइलचा आठवड्याचा री-ऑर्ग जॉब (फाइलची प्रत काढून ती नव्याने रचणारा) शेड्यूलमध्ये असेल तर तो आत्ताच होल्डवर टाकायला सांगा. कारण पुढे सांगतो. तुमची फाइल सध्या ज्या अवस्थेत असण्याची शक्यता आहे, त्या अवस्थेत री-ऑर्ग चालला तर जे अजून परत मिळवता येण्यासारखं आहे तेही जाईल.

आता तुमचा मुख्य प्रश्न. दोघं वेगवेगळ्या रेकॉर्डला हात लावतात, मग बदल जातो कुठे?

सरांचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं, आणि बरेच अनुभवी लोक असंच मानून चालतात. पण व्हीसॅम डिस्कवरून एकेक रेकॉर्ड आणत नाही आणि एकेक रेकॉर्ड परतही लिहीत नाही. ते अख्खं कंट्रोल इंटरव्हल, म्हणजे सीआय, उचलतं आणि अख्खं सीआय परत ठेवतं. समजा तुमचा रेकॉर्ड 200 बाइटचा आहे आणि सीआय 4096 बाइटचं. मग एका सीआयमध्ये वीस रेकॉर्ड बसतात. ज्याला एक रेकॉर्ड बदलायचा आहे, तो शेजारचे एकोणीसही सोबत नेतो आणि सोबत परत आणतो. तलाठ्याच्या नोंदवहीतल्या एकाच पानाच्या दोन कारकुनांनी दोन प्रती काढाव्यात, एकाने वरच्या ओळीत दुरुस्ती करावी, दुसऱ्याने खालच्या ओळीत, आणि दोघांनीही आपापलं पान मूळ वहीत चिकटवावं, तसं हे आहे. ज्याचं पान शेवटी चिकटलं, त्याचीच दुरुस्ती शिल्लक राहते. ओळी वेगळ्या होत्या म्हणून काही वाचत नाही.

तुमच्याकडे तर हे आणखी वाईट तऱ्हेने घडतंय. सीआयसीएस सहसा एलएसआर बफर पूल, म्हणजे अनेक फाइलींसाठीचा मेमरीतला सामायिक साठा, वापरतं. एकदा वाचलेलं सीआय त्या पूलमध्ये पडून राहतं आणि पुढच्या वेळी कुणी त्यातला रेकॉर्ड मागितला, तर सीआयसीएस डिस्ककडे जातच नाही, मेमरीतलीच प्रत देतं. वेगासाठी ही सोय उत्तम आहे, पण फाइलमध्ये लिहिणारा सीआयसीएस एकटाच आहे असं त्यात गृहीत धरलेलं असतं. आता रात्रीचा प्रसंग बघा. संध्याकाळी कुणीतरी 101 नंबरचा रेकॉर्ड पाहिला. त्याचं सीआय पूलमध्ये आलं. त्याच सीआयमध्ये 107 सुद्धा आहे. रात्री तुमच्या बॅचने स्वतःच्या बफरमधून 107 चा पत्ता बदलला आणि सीआय डिस्कवर लिहिलं. रिपोर्ट डिस्कवरून वाचतो, त्याला नवा पत्ता दिसला. सीआयसीएसच्या पूलमध्ये मात्र संध्याकाळचीच प्रत आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑनलाइनवरून 101 चा फोन नंबर बदलला गेला. सीआयसीएसने जुन्या प्रतीत तो बदल केला आणि अख्खं सीआय डिस्कवर लिहिलं. 107 चा जुना पत्ता परत आला. कुठे अबेंड (प्रोग्रॅम कोसळणं) नाही, कुठे मेसेज नाही. तुम्ही पत्रात जे लक्षण लिहिलंय, ते हेच आहे.

की सिक्वेन्सची एरर ही याच्या पुढची पायरी, आणि मला जास्त काळजी तिची वाटते. नवा रेकॉर्ड घालायला सीआयमध्ये जागा नसली की व्हीसॅम त्याचं स्प्लिट करतं, म्हणजे साधारण अर्धे रेकॉर्ड नव्या सीआयमध्ये हलवतं आणि इंडेक्समध्ये तशी नोंद करतं. समजा हे बॅचने केलं. सीआयसीएसला हे माहीतच नाही. त्याच्याकडे स्प्लिटच्या आधीची, सगळे रेकॉर्ड असलेली प्रत आहे आणि तो ती जुन्या जागी लिहून मोकळा होतो. आता तेच रेकॉर्ड दोन ठिकाणी आहेत, एकीकडे नवे आणि एकीकडे जुने, आणि इंडेक्स काही वेगळंच सांगतोय. क्रमाने वाचणाऱ्या जॉबला मोठी की आल्यावर पुन्हा लहान की दिसते आणि तो पडतो. खरं तर तो पडला हे बरंच झालं, नाहीतर हे आणखी कितीतरी दिवस कळलं नसतं.

म्हणून तुमच्या मूळ स्टेटस 93 कडे पुन्हा बघा. 93 चा अर्थ हवी ती गोष्ट मिळाली नाही एवढाच. शेअरऑप्शन 2 (जोडीतला पहिला आकडा) मध्ये व्हीसॅम एकालाच लिहायला देतं, वाचणारे कितीही चालतात. सीआयसीएसने फाइल लिहिण्यासाठी उघडून ठेवली होती, तुमच्या जॉबने तीच लिहिण्यासाठी मागितली आणि व्हीसॅमने नकार दिला. सिस्टिम लॉगमध्ये त्या वेळचा आयईसी161आय मेसेज सापडेल, त्यात रिटर्न कोडही असतो. हा नकार हेच तुमच्या फाइलचं संरक्षण होतं. ऑप्शन 3 चा अर्थ असा की दोघांनाही लिहू दे, सांभाळण्याची जबाबदारी वापरणाऱ्यांची. आणि वापरणाऱ्यांपैकी कुणीही ती घेतली नाही, कारण तुमच्या कोबॉल प्रोग्रॅममध्ये किंवा सीआयसीएसच्या व्यवहारात एकमेकांना थांबवणारं काहीच नाही. सरांनी बदल केला तेव्हा मेसेज गेला आणि काम अडायचं थांबलं, हे खरं. पण त्याबरोबर राखणदारही गेला.

कुणी म्हणेल, मग ऑप्शन 4 करा. त्यात थेट वाचताना प्रत्येक वेळी बफर डिस्कवरून ताजा केला जातो, हे बरोबर. पण कुलूप तिथेही नाही. एन्क्यू (कुलूप लावणं) आणि डीक्यू (कुलूप काढणं) दोन्ही बाजूंच्या प्रोग्रॅमनी स्वतः, एकाच ठरलेल्या नावाने करावे लागतात, आणि एकाही प्रोग्रॅमने ते टाळलं की सगळं पाण्यात. शिवाय फाइल शेअर करून उघडली असताना शेवटाकडे वाढ करण्यावर बंधनं येतात आणि वेगही जातो. चोवीस तास चालणाऱ्या पॉलिसी फाइलसाठी मी तो मार्ग सुचवणार नाही.

आता आधी काय करायचं. फाइल सीआयसीएसमधून बंद करायला लावा. सीईएमटीने (सीआयसीएसच्या नियंत्रण कमांडने) क्लोज आणि डिसेबल करा. चालू असलेले व्यवहार संपेपर्यंत क्लोज थांबतं, त्याला थांबू द्या. घाईने फोर्सक्लोज वापरलंत तर मधले टास्क मारले जातील आणि आहे त्या गोंधळात भर पडेल. बॅचही होल्डवर ठेवा. मग फाइल जशी आहे तशी, तुटलेली असली तरी, एक पूर्ण प्रत काढून ठेवा. स्टोरेज टीम डीएफडीएसएस या बॅकअपच्या प्रोग्रॅमने ती काढू शकते. तोपर्यंत कुणीही डिलीट-डिफाइन (फाइल पुसून नव्याने बनवणं) करू नये. त्यानंतर आयडीकॅम्सचं (व्हीसॅम फाइली सांभाळणाऱ्या युटिलिटीचं) एक्झामिन चालवा, इंडेक्स टेस्ट आणि डेटा टेस्ट दोन्ही. नुसतं व्हेरिफाय चालवून, झिरो रिटर्न कोड बघून समाधान मानू नका. व्हेरिफाय फाइल कुठे संपते याची कॅटलॉगमधली माहिती जुळवतं. दोन ठिकाणी पडलेले रेकॉर्ड ते ओळखत नाही आणि दुरुस्त तर मुळीच करत नाही.

एक्झामिनने इंडेक्स मोडल्याचं सांगितलं, तर री-ऑर्ग का थांबवायला सांगितला ते लक्षात येईल. री-ऑर्ग इंडेक्सच्या वाटेने रेकॉर्ड वाचतो. इंडेक्सला जे दिसत नाही, ते त्याच्यासाठी नाहीच. त्याची प्रत, मग डिलीट, मग नवी फाइल, एवढं झालं की हरवलेले रेकॉर्ड कायमचे गेले. त्यापेक्षा डेटा कंपोनंट थेट, इंडेक्स वगळून वाचा. सगळे रेकॉर्ड एका सिक्वेन्शियल फाइलमध्ये काढा, की वर सॉर्ट करा आणि दोनदा आलेल्या की वेगळ्या काढा. इथे सॉर्टच्या सोयीने पहिला ठेवून बाकीचे उडवण्याचा मोह होईल. तो टाळा. कुठला खरा हे त्या रेकॉर्डमधल्या शेवटच्या बदलाच्या वेळेवरून, ऑनलाइनच्या लॉगवरून आणि बॅचच्या इनपुट फाइलवरून ठरवा. ज्यांचा निकाल यातूनही लागत नाही, ते क्लायंटच्या बिझनेस टीमकडे पाठवा. कुणाच्या घराचा पत्ता, कुणाच्या हप्त्याची तारीख आहे ती. आपण अंदाजाने ठरवायची गोष्ट नाही.

3 3 केल्यापासूनच्या बॅचच्या इनपुट फाइल जीडीजीमध्ये (एकाच फाइलच्या क्रमाने ठेवलेल्या पिढ्यांमध्ये) अजून शाबूत आहेत का, तेही आजच बघा. जीडीजीची मर्यादा संपली की जुन्या पिढ्या आपोआप जातात. त्या इनपुटची आजच्या फाइलशी तुलना केली की कुठले बदल पुसले गेले त्याची यादी निघते. ही यादी तुम्हाला पुढे सरांशी बोलतानाही लागणार आहे.

यानंतर शेअरऑप्शन्स परत 2 3 करा. आल्टर (फाइलची व्याख्या बदलण्याची कमांड) करताना नुसतं क्लस्टरचं नाव देऊन चालत नाही, डेटा आणि इंडेक्स या दोन्ही कंपोनंटवर वेगवेगळा द्यावा लागतो. लिस्टकॅटमध्ये (कॅटलॉगमधली माहिती दाखवणाऱ्या कमांडमध्ये) दोन्हीकडे तपासा. नवा ऑप्शन पुढच्या ओपनपासून लागू होतो, म्हणून फाइल बंद असतानाच हे उरका.

मग 93 परत येणार. येऊ दे. आता खरा प्रश्न सुटायला हवा: या फाइलमध्ये लिहिणारा कोण? मालक एकच असला पाहिजे. बाकी सगळ्यांनी त्याच्यामार्फत लिहायचं, किंवा त्याने बाजूला झाल्यावर लिहायचं.

सर्वांत सोपी वाट म्हणजे थोडा वेळ फाइल बंद ठेवणं. क्लायंटने चोवीस तास ऑनलाइन मागितलं याचा अर्थ ही एक फाइल दहा मिनिटंही बंद राहू शकत नाही असा होत नाही. बऱ्याचदा हे कुणी विचारलेलंच नसतं. बॅचचा प्रोग्रॅम किती वेळ खातो आणि त्यातला फाइल लिहिण्याचा वेळ किती, हे वेगळं मोजा. तयारी, सॉर्ट, पडताळणी हे सगळं आधीच्या जॉबमध्ये घातलं, तर प्रत्यक्ष अपडेट फार थोड्या वेळात होऊ शकतो. तेवढ्या वेळात स्क्रीनवर नॉटओपनचा कोड न दाखवता ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असा नीट मेसेज द्या.

तेही चालत नसेल, तर बॅचने फाइलला हातच लावू नये. बॅचने बदलांची यादी तयार करावी आणि सीआयसीएसमधल्या एका व्यवहाराने ती वाचून, थोडे थोडे रेकॉर्ड घेऊन, मध्ये सिंकपॉइंट देत (तोवरचं काम पक्कं करत) बदल लागू करावेत. मग लिहिणारं सीआयसीएस एकटंच राहतं, बफर पूलही त्याचा एकट्याचा आणि फाइल रिकव्हरेबल (बदल मागे घेता येतील अशी नोंदवलेली) असेल तर अर्धवट राहिलेलं मागेही घेता येतं. कोड लिहावा लागतो, पण तुमच्या टीमच्या आवाक्यातलं काम आहे. मला विचाराल तर मी हेच करीन.

तिसरी वाट आरएलएस, रेकॉर्ड लेव्हल शेअरिंग. नव्वदच्या दशकात पॅरलल सिस्प्लेक्स (अनेक मेनफ्रेम सिस्टिम एकत्र चालवण्याची रचना) आल्यानंतर आयबीएमने ती व्हीसॅमला दिली. यात कुलूप सीआयला न लागता रेकॉर्डला लागतं, आणि कुलुपं नि बफरची माहिती कपलिंग फॅसिलिटीत (त्या सगळ्या सिस्टिमच्या सामायिक मेमरीत) राहते, त्यामुळे एकाच्या मेमरीतली शिळी प्रत दुसऱ्याचं काम पुसू शकत नाही. पण रिकव्हरेबल फाइल आरएलएसमध्ये साध्या बॅचला लिहिण्यासाठी उघडता येत नाही. त्यासाठी ट्रान्झॅक्शनल व्हीसॅम लागतं आणि बॅचच्या प्रोग्रॅमला कमिट (ठरावीक टप्प्यावर बदल पक्के) करायला शिकवावं लागतं. क्लायंटकडे हे आधीपासून असेल तर जरूर विचारा. नसेल तर तो मोठा प्रकल्प आहे, त्याची वाट बघत आजची फाइल 3 3 वर ठेवू नका.

एवढ्यावर आणखी एक गोष्ट तपासा, कारण ती जवळजवळ सगळीकडे सापडते. जे जॉब फक्त वाचतात, त्यांचे प्रोग्रॅम फाइल आय-ओ मध्ये (वाचणं आणि लिहिणं दोन्हीसाठी) उघडतात का? कुणीतरी जुन्या प्रोग्रॅमची कॉपी करून नवा लिहिलेला असतो आणि ओपन आय-ओ तसंच राहून जातं. असा प्रोग्रॅम एकही रेकॉर्ड लिहीत नसला तरी व्हीसॅमच्या लेखी तो लिहिणाराच. तो इनपुट करून टाका, तुमचे काही 93 तेवढ्यानेच जातील. फक्त ऑप्शन 2 मध्ये वाचणाऱ्याला दिसणारं चित्र त्या क्षणी पूर्ण असेलच अशी हमी नसते. रिपोर्टला चालेल, पैशांच्या बेरजेला चालणार नाही.

जेसीएलमध्ये (जॉबच्या सूचनांमध्ये) डिस्प ओल्ड (फाइल फक्त मलाच हवी) असलेले जॉब कुणी डिस्प शेअर (इतरांनीही वापरली तरी चालेल) केले आहेत का, तेही बघा. त्याचं कारण नेहमी एकच असतं. ओल्डचा एन्क्यू जॉब सुरू होतानाच घेतला जातो. फाइल सातव्या स्टेपला लागत असली तरी पहिल्या स्टेपपासून ती अडकलेली असते, मागचे जॉब ‘वेटिंग फॉर डेटा सेट्स’ म्हणत उभे राहतात आणि कुणीतरी वैतागून ओल्डचं शेअर करतं. सिक्वेन्शियल फाइलच्या बाबतीत हे फार घातक, कारण दोन जॉब शेअरवर एकाच वेळी लिहीत असतील तर सिस्टिम काही बोलत नाही आणि दोघांचं लिखाण एकमेकांवर पडतं. ती स्टेप वेगळ्या जॉबमध्ये काढा. ओल्ड तसंच राहू द्या.

आणि डिस्कबद्दल एक प्रश्न तुमच्या सिस्टिम प्रोग्रॅमरला विचारून ठेवा: प्रॉडक्शनचे व्हॉल्यूम (डिस्क) टेस्टच्या एलपारवरूनही (मेनफ्रेमच्या दुसऱ्या विभागावरूनही) दिसतात का, आणि दिसत असतील तर दोन्ही एकाच जीआरएसमध्ये (सिस्टिममधली कुलुपं सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) आहेत का? डेटासेटचा (फाइलचा) एन्क्यू असो की व्हीसॅमचा, तो दुसऱ्या सिस्टिमपर्यंत जीआरएसच पोचवतो. डिस्क सामायिक आणि जीआरएस वेगळा, असं असेल तर इकडचं ओल्ड तिकडे कुणालाच माहीत नाही आणि 2 3 सुद्धा कागदावरच. पीडीएसई (मेंबर ठेवायच्या लायब्ररीचा नवा प्रकार) लायब्ररी तर सिस्प्लेक्सच्या बाहेरून लिहिण्यासाठी शेअर करूच नये.

ऑनलाइनच्या स्क्रीनबद्दल थोडक्यात. शेअरऑप्शन्स दुरुस्त झाल्यावरही ‘माझा बदल गेला’ अशी एखादी तक्रार आली, तर ती वेगळी असू शकते. दोन ऑपरेटरनी एकच पॉलिसी उघडली, दोघांच्या स्क्रीनवर शिल्लक 12000 दिसली. एकाने 5000 जमा केले, दुसऱ्याने 2000 वजा केले. उत्तर 15000 यायला हवं, पण शेवटी सेव्ह करणाऱ्याचे 10000 राहिले. स्क्रीन दाखवून व्यवहार संपतो, त्यामुळे मधल्या वेळात कुलूप नसतंच. रेकॉर्डमध्ये शेवटच्या बदलाची वेळ ठेवा, ती स्क्रीनसोबत पुढे न्या आणि रीराइटच्या (रेकॉर्ड परत लिहिण्याच्या) आधी रीड अपडेट करून, म्हणजे कुलूप लावून रेकॉर्ड पुन्हा वाचून, जुळवा. जुळली नाही तर ऑपरेटरला ताजा रेकॉर्ड दाखवा.

आता कॉपीबुकचं. आयएसपीएफमध्ये मेंबर एडिटला घेतला की डेटासेट आणि मेंबरच्या नावाने एन्क्यू लागतो, म्हणून दुसऱ्या आयएसपीएफवाल्याला ‘मेंबर इन यूज’ दिसतं. हा आयएसपीएफचा आपसातला करार आहे. आयईबीजेनर किंवा आयईबीअपडेट या युटिलिटींनी बॅचमधून डिस्प शेअरवर त्याच मेंबरमध्ये लिहिलं, तर ते हा करार बघत नाहीत. व्हीएस कोडमधलं झोव्ह एक्स्टेन्शन (मेनफ्रेमशी जोडून देणारं) मेंबरची प्रत तुमच्या लॅपटॉपवर आणतं आणि सेव्ह करताना वर पाठवतं. मधल्या वेळात वर बदल झाला असेल तर ते ई-टॅग (प्रत कुठली याची खूण) जुळवून फरक दाखवतं. तो दिसल्यावर ओव्हरराइटचं बटण न दाबता दोन्ही नीट वाचून एकत्र करायचं, हे नवीन मुलांना शेजारी बसून एकदा करून दाखवा. पण यावर खरा उपाय म्हणजे सामायिक लायब्ररीत थेट एडिट बंद करणं. तुमच्याकडे एंडेव्हर किंवा चेंजमॅन (कोडमधले बदल सांभाळणारं सॉफ्टवेअर) असणारच. मेंबर तिथून साइन-आउट करून स्वतःच्या लायब्ररीत घ्यायचा, सामायिक लायब्ररीवर सगळ्यांना आरएसीएफमध्ये (मेनफ्रेमच्या परवानग्यांच्या व्यवस्थेत) फक्त रीड. पीडीएस (लायब्ररीचा जुना प्रकार) भरली म्हणून कुणी दिवसा कॉम्प्रेस (मोकळी जागा गोळा करणं) चालवत असेल तर तेही थांबवा. कॉम्प्रेस मेंबर जागेवरून हलवतं. ते शेअरवर चाललं आणि त्याच वेळी कुणी जुनी जागा धरून वाचत असेल, तर त्याच्या हातात भलत्याच मेंबरचा मजकूर येतो. मधेच कॅन्सल केलं तर लायब्ररीच मोडते.

राहिले सर. तुम्ही त्यांच्याबद्दल आदराने लिहिलंय, तो आदर ठेवूनच हे करता येईल. त्यांनी जॉब पाडणारी अडचण दूर केली, आणि कदाचित तेव्हा रात्रीचे दोन वाजले असतील, क्लायंट फोनवर असेल. चूक कुणाची हा विषयच काढू नका. टीमसमोर, स्टँड-अपमध्ये तर नकोच. एकट्याने त्यांच्या डेस्कपाशी जा आणि जुळवलेली यादी पुढे ठेवा. एखादा पॉलिसी नंबर निवडा ज्याचा पत्ता बॅचने बदलला, रिपोर्टमध्ये आला आणि नंतर शेजारच्या रेकॉर्डवर ऑनलाइन बदल झाल्यावर जुना झाला. तिन्ही वेळा आणि दोन्ही की लिहून दाखवा. दोन्ही की एकाच सीआयमध्ये होत्या हे बघायला आयडीकॅम्सच्या प्रिंटने ते सीआय काढून न्या. ‘दोघं वेगळ्या रेकॉर्डला हात लावतात’ हे त्यांचं म्हणणं त्या एका पानावर त्यांनाच तपासता येईल. कामाची जाण असलेला माणूस ते पान बघून वाद घालत नाही.

बोलणं झालं की त्याच दिवशी मेल टाका, सर आणि तुमचे मॅनेजर दोघांना. मजकूर साधा ठेवा: ‘पॉलिसी फाइलवर बॅच आणि सीआयसीएस एकाच वेळी लिहीत असल्याने काही बदल पुसले गेल्याचं दिसलं आहे. यादी सोबत जोडली आहे. फाइल आज बंद करून एक्झामिन चालवण्याची आणि शेअरऑप्शन्स 2 3 करण्याची परवानगी हवी आहे. बॅचच्या अपडेटसाठी रोज ठरावीक वेळ फाइल बंद ठेवता येईल का, हे क्लायंटला विचारावं.’ आधी कुणी काय बदललं होतं ते यात लिहायची गरज नाही, ते चेंज रेकॉर्डमध्ये आहेच. परवानगी मिळायला उशीर झाला, तरी निदान बॅच होल्डवर ठेवण्याचा निर्णय आजच मागा. पॉलिसीधारकांचे पत्ते एक दिवस उशिरा अपडेट झाले तर चालतील. पुसले गेलेले मात्र रोज वाढत जातील, आणि प्रत्येक रात्रीच्या जॉबनंतर खरा पत्ता कुठला हे ठरवणं आणखी कठीण होईल.